दिवे मालवले तरी टीव्ही-राऊटरचे इवलेसे दिवे डोळ्यांत का खुपतात?

रात्री ट्यूबलाइट बंद केली की खोलीतले बाकीचे दिवे डोकं वर काढतात. टीव्हीचा लाल ठिपका, सेट-टॉप बॉक्सवरचं घड्याळ, राऊटरची लुकलुक, एसीवरचा आकडा, एक्स्टेंशन बोर्डाचा लालभडक स्विच. दिवसभर हे कुणाच्या लक्षातही येत नाहीत. मग रात्रीच ते एवढे का खुपतात?

डोळा अंधाराला सरावतो

डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात रंग दाखवतात, तर दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात. दिवा घालवल्यावर दंडपेशी पूर्ण सरावायला साधारण अर्धा तास लागतो. तोपर्यंत डोळ्यांची संवेदनशीलता हजारो पटींनी वाढलेली असते. म्हणूनच पडल्या पडल्या न जाणवलेला ठिपका मध्यरात्री जाग आल्यावर टॉर्चसारखा वाटतो.

निळा दिवा जास्त का त्रास देतो?

दंडपेशी निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात, गडद लाल प्रकाश मात्र त्यांना जवळपास दिसत नाही. शिवाय निळा प्रकाश डोळ्यात नीट केंद्रित होत नाही, त्यामुळे ठिपक्याभोवती धूसर वलय दिसतं.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण उपकरणांवर मंद लाल किंवा हिरवे एलईडी असायचे. प्रखर निळा एलईडी १९९० च्या दशकात जपानमध्ये तयार झाला. त्यासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यातूनच घरोघरचे पांढरे एलईडी बल्ब आले आणि उपकरणांवरचे निळे ठिपकेही.

झोपेवर परिणाम होतो का?

निळा प्रकाश झोपेशी संबंधित मेलाटोनिन हे संप्रेरक कमी करतो, हे खरं आहे. पण ते बराच वेळ डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशाबद्दल आहे. खोलीच्या कोपऱ्यातल्या एका ठिपक्यापेक्षा हातातला मोबाइल कितीतरी जास्त उजेड टाकतो. ठिपक्याचा खरा त्रास म्हणजे लक्ष विचलित होणं, त्यातही लुकलुकणारा दिवा असेल तर जास्तच.

उपाय काय?

• अनेक एसींच्या रिमोटवर डिस्प्ले बंद करण्याचं बटण असतं. काही राऊटरच्या सेटिंगमध्येही दिवे बंद करता येतात.
• दिवा पूर्ण झाकायचा असेल तर काळी इन्सुलेशन टेप लावावी. नुसता मंद करायचा असेल तर दवाखान्यात मिळते तशी पांढरी कागदी चिकटपट्टी पुरते.
• टीव्हीच्या दिव्याशेजारीच बहुतेकदा रिमोटचा सेन्सर असतो. तो झाकला तर रिमोट चालणार नाही.
• हवा जाण्याच्या फटींवर टेप लावू नये. इन्व्हर्टरचा बिघाड दाखवणारा दिवाही झाकू नये.

वीज किती जाते?

एवढासा एलईडी वर्षभर जळला तरी पाव युनिटही वीज घेत नाही. खर्च होतो तो त्यामागच्या स्टँडबाय उपकरणाचा. ५ वॅट घेणारं उपकरण वर्षभर चालू राहिलं तर सुमारे ४४ युनिट होतात. म्हणून रात्री ज्याची गरज नाही, त्याचं बटण थेट बोर्डावरच बंद केलेलं बरं. झोपही सुधारते आणि बिलही थोडं उतरतं.