मुस्लिम-ख्रिस्ती संघर्ष आणि मराठी ऐतिहासिक कादंबरी
टिपू सुलतान व इंग्रज यांच्या युद्धांवरील हरी नारायण आपटे यांची ‘म्हैसूरचा वाघ’ (१८९०) ही कादंबरी या विषयाचे मराठीतील ठळक उदाहरण. तिचा आधार फिलिप मेडोज टेलर (१८०८–७६) यांची ‘टिपू सुलतान’ (१८४०) ही इंग्रजी कादंबरी. टेलर निजामाच्या नोकरीत होते. पुढे १८५३ ते १८५७ या काळात आजच्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गच्या किल्ल्यात राहून त्यांनी कारभार पाहिला. चाँदबिबीवरील त्यांच्या कादंबरीत दख्खनच्या सुलतानशाह्यांसोबत पोर्तुगीज पाद्रीही येतो. टिपू व इंग्रज यांच्यातील म्हैसूरची युद्धे मात्र मुख्यतः सत्तेसाठी झाली. त्यांना निव्वळ धर्मयुद्ध म्हणणे चूक ठरेल. आपटे पुढे ‘उषःकाल’ या कादंबरीत शिवकाळाकडे वळले.