सिस्मिक सर्व्हे म्हणजे काय? न खणता 40 किलोमीटर खोलवरचं कसं कळतं?

मी नाशिकचा. आमच्याकडे विहीर खणा नाहीतर बोअर मारा, खाली काळा कातळच लागतो. ब्रह्मगिरी, अंजनेरीसुद्धा त्याच बेसॉल्टचे, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. पण त्याच्याही खाली काय आहे? खणून बघायचं म्हटलं, तर रशियातलं जगातलं सर्वात खोल बोअर 12 किलोमीटरच्या थोडं पुढे जाऊन थांबलं. म्हणून सिस्मिक सर्व्हे करतात.

हे काम कसं चालतं?

जमिनीत भोक पाडून सुरुंग उडवतात. त्याच्या लहरी खोल जातात आणि खडक बदलला की काही परत फिरतात. वर एका रेषेत मांडलेले जिओफोन त्या टिपतात. फोन आडवा केला की अ‍ॅक्सेलरोमीटरला कळतं ना? जिओफोनही हालचालच टिपतो, पण खूपच बारीक.

पृथ्वीच्या कवचात लहरी सेकंदाला साधारण 6 किलोमीटर धावतात, त्याखालच्या प्रावरणात 8. वेग अचानक वाढतो त्या सीमेला 'मोहो' म्हणतात. 1909 मध्ये मोहोरोविचिच यांनी ती शोधली. 40 किलोमीटर खाली जाऊन परत यायला लहरीला फक्त 13 सेकंद लागतात!

महाराष्ट्रात कुठे झाला?

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला, दीडशेहून जास्त माणसं गेली. पुढे 1970 च्या दशकात हैदराबादच्या एनजीआरआय संस्थेने गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन रेषांवर सर्व्हे केला. तिथे मोहो सुमारे 36 ते 40 किलोमीटरवर सापडला.

अडचण काय?

बेसॉल्टमधून लहरी जोरात जातात. त्याखाली मऊ गाळाचा खडक असेल, तर तो या पद्धतीत लपून राहू शकतो. म्हणून बोअरचा पुरावाही लागतो. कोयना भागात गोठणे इथे 3 किलोमीटर बोअर घेतलं. सव्वा किलोमीटरवर बेसॉल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला, मध्ये गाळ नाही.

आपल्याला उपयोग काय?

भूकंप कधी होणार, हे या सर्व्हेतून कळत नाही. तसा दावा करणारा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. पण झालेला भूकंप नेमका कुठे आणि किती खोल होता, हे काढायला खडकातला लहरींचा वेग माहीत असावा लागतो. तो मिळतो या सर्व्हेतून.