गिरणीच्या दारातला वशिला

वशिला हा शब्द आपल्याकडे अरबीतून फारसीच्या वाटेने आला. मूळ शब्द वसीला. त्याचा अर्थ साधन किंवा मध्यस्थ. ह्या अर्थात काही पाप नाही. ज्याला कोणी ओळखत नाही त्याने ओळखीचा माणूस पुढे करावा, एवढेच. पाप शिरते ते त्या मध्यस्थाच्या हाती दाराची किल्ली आली म्हणजे. हे कसे घडते ते मुंबईच्या कापडगिरण्यांच्या इतिहासात फार स्वच्छ दिसते; म्हणून आज तोच इतिहास आपल्यापुढे मांडतो.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी उभारण्यास हात घातला. १८५६ साली ती सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या तशी माणसे हवी झाली. ती रत्नागिरीहून आली, साताऱ्याहून आली. मॅनेजरला ना त्यांची गावे ठाऊक, ना नावे. माणसे आणायची, कामावर लावायची, कामावरून काढायची, ही सारी कामे त्याने जॉबरवर सोपवली. जॉबर हा मूळचा कामगारच, यंत्रांवर देखरेख करणारा. बायकांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी.

जॉबरने प्रथम आपला भाऊ आणला, मग भाचा, मग गावकरी. ह्यात त्याला दोष देण्याची घाई करू नये. त्या काळी ना प्रॉव्हिडंट फंड, ना पगारी आजारपण. पेरणीला गावी गेलेल्याची जागा त्याच्या चुलतभावाने धरून ठेवायची, खोलीचे भाडे थकले तर जॉबरने शब्द टाकायचा; गरिबाचा विमा काय तो हाच होता. पण ह्या विम्याचा हप्ता होता. कामावर लागताना दस्तुरी, रजेवरून परतताना पुन्हा दस्तुरी. माणूस कायमचा टिकला तर जॉबरची मिळकत आटणार. म्हणून माणसे सतत येतजात राहण्यात त्याचे हित होते आणि गिरणीचे नुकसान! मालकाला वाटे, आपण स्वस्तात व्यवस्था लावून घेतली.

बाहेरच्या माणसाला आणखी एक गोष्ट सहसा दिसत नाही. विणकराची मजुरी जेवढे कापड तेवढी. बरा साचा आणि बरे सूत ज्याला मिळेल त्याचा पगार चांगला. ज्याच्या वाट्याला तुटके सूत आले तो दिवसभर धागे जोडीत बसणार. दोघांचा दर मात्र एकच. मर्जीचा हिशेब कोणत्याही वहीत लिहिला जात नसे. तो पगाराच्या दिवशी हातात पडे.

आणि ज्याला कोणीच नव्हते त्याचे काय? सूत कातण्याच्या खात्यांपेक्षा विणकामात पैसा जास्त. पण तेथे धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. ह्या कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात सवर्ण विणकर येऊ देत नसत. १९२८ साली गिरण्यांचा सहा महिने संप चालला तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. त्यांनी तो मागण्यांत घेतला, पण नाखुशीने. मालकांनी उत्तर दिले की, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. उत्तर सोयीचे होते, पण खोटे नव्हते, हे युनियनवाल्यांनी ऐकून ठेवले पाहिजे. आपला तो आपला, ह्या न्यायाला जातीची धार आली की शेजारी उभा राहून घाम गाळणारा माणूसच दार लावून घेतो.

वरच्या मजल्यावर निराळे नव्हते. मॅनेजिंग एजंटाची गादी बापाकडून मुलाकडे जाई, आणि जुन्या काळी कित्येक ठिकाणी त्याचे कमिशन नफ्यावर नसून मालावर, सुताच्या पौंडाला पाव आणा, असे होते. म्हणजे गिरणी तोट्यात गेली तरी एजंटाचे चालूच. ही पद्धत कायद्याने बंद व्हायला १९७० साल उजाडले. गंमत अशी की वशिल्याबद्दल लिहिणाऱ्यांनी जॉबरवर शाई ओतली, एजंटाचा मुलगा मात्र वारस ठरला.

व्हिटले कमिशनने १९३१ च्या अहवालात सांगितले की नेमणुकीचा व बडतर्फीचा अधिकार जॉबरकडून काढून घ्या. १९३५ साली मालकसंघाने बदली कामगारांसाठी पासाची पद्धत काढली. दर महिन्याच्या आरंभी ठरावीक लोकांना पास द्यायचा, त्यांनी रोज सकाळी हजर व्हायचे, आणि रिकाम्या जागी आधी त्यांना घ्यायचे. १९५० साली सरकारने बदलीवाल्यांच्या नोंदणीची योजना आणली. जॉबर ह्यामुळे नाहीसा झाला नाही. पास कोणाला द्यावा, हे सुचवणारा कोणीतरी लागतच होता. तरी एक गोष्ट झाली. पूर्वी विचारण्याची सोयच नव्हती. आता पासधारकाला विचारता येऊ लागले, की माझ्यामागून आलेला आत कसा गेला?

गिरण्या गेल्या. १९८२ च्या संपानंतर त्या सावरल्या नाहीत. जॉबर मात्र आज कंत्राटदाराचा मुकादम होऊन औद्योगिक वसाहतींच्या दारांत उभा आहे, आणि १९७० च्या कंत्राटी कामगारांच्या कायद्याने त्याला कधी विचारले नाही की तू माणसे कोठून निवडलीस.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात कायम जागा भरायच्या निघाल्या. कारखान्याचे नाव घेत नाही. आमच्या काही जुन्या सभासदांनी मागणी आणली, की ह्या जागा सभासदांच्या मुलांना मिळाव्यात. त्याच खात्यांत कंत्राटदाराच्या नावाखाली दहा-दहा वर्षे राबलेली माणसे होती. भर सभेत त्यांतला एक उठला व मला म्हणाला, "दादा, माझा बाप गावाकडे दुसऱ्याच्या शेतात राबतो. मी कोणाच्या नावावर लागायचं?" मी म्हटले, कामावर आल्याच्या तारखेप्रमाणे यादी करा आणि दारावर लावा. दोन सभा आरडाओरडीत मोडल्या. तिसऱ्या सभेत यादीचा ठराव थोड्या मतांनी पास झाला. त्या महिन्यापासून काही जुन्या सभासदांनी युनियनची वर्गणी बंद केली. ती त्यांनी अजून सुरू केलेली नाही.