ऑस्की परीक्षा: अनुभवी नर्सही ब्रिटनमध्ये नापास का होतात आणि तयारी कशी करावी?

आयसीयूमध्ये दहा वर्षं काढलेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली नर्सही ब्रिटनमध्ये गेल्यावर लगेच नर्स म्हणून काम करू शकत नाही. त्यासाठी तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची, म्हणजे एनएमसीची नोंदणी लागते. या नोंदणीच्या वाटेवरची शेवटची मोठी पायरी म्हणजे ‘ऑस्की’ ही प्रात्यक्षिक परीक्षा.

ऑस्कीच्या आधी काय असतं?

आधी इंग्रजीची पातळी सिद्ध करावी लागते. आयईएलटीएस अकॅडमिकमध्ये लेखनात ६.५, तर वाचन, ऐकणं, बोलणं आणि एकूण गुण यांत ७ लागतात. ओईटी हा दुसरा पर्याय आहे. त्यानंतर ‘सीबीटी’ ही संगणकावरची परीक्षा भारतातूनच देता येते. त्यात औषधांच्या डोसचं गणित आणि नर्सिंगचं ज्ञान तपासलं जातं. ऑस्की मात्र ब्रिटनमध्ये जाऊनच द्यावी लागते. बहुतेक नर्स नोकरी मिळवून तिथे जातात आणि नोंदणी होईपर्यंत खालच्या वेतनश्रेणीत काम करतात. त्यामुळे निकालाचा थेट परिणाम पगारावर आणि व्हिसावर होतो.

परीक्षेत काय असतं?

ऑगस्ट २०२१ पासून ऑस्कीमध्ये १० स्टेशन असतात.

- चार स्टेशन एकाच रुग्णाभोवती गुंफलेली असतात: तपासणी, नियोजन, अंमलबजावणी आणि मूल्यमापन.
- चार स्टेशन प्रत्यक्ष कौशल्यांची असतात. उदाहरणार्थ, इंजेक्शन देणं, कॅथेटर काढणं, जखमेची तपासणी, सीपीआर.
- उरलेली दोन लेखी असतात. एकात व्यावसायिक मूल्यांचा प्रश्न येतो, जसं की सहकारी नर्सने रुग्णाबद्दल सोशल मीडियावर काही टाकलं तर काय करावं. दुसऱ्यात संशोधनाचा सारांश वाचून रुग्णाला काय सांगायचं ते लिहावं लागतं.

मग अनुभवी नर्स अडखळतात कुठे?

अनेकदा हाताचं कौशल्य कमी पडत नाही, सवयी आड येतात. ऑस्कीचा नियम साधा आहे: परीक्षकाला जे दिसलं किंवा ऐकू आलं, त्यालाच गुण. मनातल्या मनात केलेली खात्री धरली जात नाही.

*ओळख:* गर्दीच्या वॉर्डात ‘बेड नंबर १२’ म्हणून काम भागतं. इथे रुग्णाला नाव आणि जन्मतारीख विचारून ती मनगटावरच्या पट्टीशी जुळवावी लागते. ॲलर्जीही दर वेळी विचारावी लागते.

*संमती:* आपल्याकडे बरेचदा नातेवाइकांशी बोलून पुढे जातात. ऑस्कीत प्रत्येक कृतीआधी रुग्णालाच समजावून त्याची परवानगी घ्यायची असते.

*स्वच्छता:* कोपराच्या खाली काहीही नको, हा तिथल्या रुग्णालयांचा नियम आहे. बांगड्या, घड्याळ, नेलपॉलिश चालत नाही. फक्त एक साधी अंगठी चालते.

*नोंदी:* तारीख, २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे वेळ, नाव आणि सही हवीच. चूक झाली तर एकच रेघ मारून शेजारी सही करायची. खाडाखोड किंवा व्हाइटनर नको.

‘न्यूज-२’ चार्ट का महत्त्वाचा?

रुग्णाची तब्येत बिघडते आहे का, हे ओळखण्यासाठी ब्रिटनमध्ये हा तक्ता वापरतात. प्रत्येक मोजमापाला गुण देऊन बेरीज करतात. समजा, एका रुग्णाचा श्वास मिनिटाला २२ (२ गुण), ऑक्सिजन न लावता पातळी ९४ टक्के (१), वरचा रक्तदाब १०८ (१), नाडी ११२ (२), ताप ३८.४ अंश सेल्सियस (१) आहे आणि तो पूर्ण शुद्धीवर आहे (०). यातला एकही आकडा एकटा पाहिला तर फार धोक्याचा वाटत नाही. पण बेरीज ७ होते आणि ७ म्हणजे तातडीची आपत्कालीन मदत. ५ गुणांनाही लगेच डॉक्टरांना कळवणं अपेक्षित असतं. म्हणून नुसते आकडे भरून थांबायचं नाही. बेरीज करून ‘मी आता डॉक्टरांना बोलावते’ हे मोठ्याने सांगायचं.

तयारी कशी करावी?

१. गुणदानाचे निकष आणि सरावाचं साहित्य परीक्षा केंद्रांच्या वेबसाइटवर मोफत मिळतं. आधी ते वाचावं, क्लासचा विचार नंतर.

२. सराव बोलत बोलत करावा. एकीने रुग्ण व्हावं, दुसरीने निकषांची यादी घेऊन परीक्षक व्हावं.

३. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायची सवय लावावी. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नये.

४. सीपीआरचे आकडे पाठ हवेत: मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांनंतर २ श्वास. रुग्णालयात मदतीसाठी फोन २२२२ वर.

५. घड्याळ लावून हाताने लिहिण्याचा सराव करावा. केअर प्लॅन वेळेत न संपणं ही नेहमीची अडचण आहे.

नापास झालं तर?

एका अर्जावर तीन प्रयत्न मिळतात. पूर्ण परीक्षेची फी ७९४ पौंड आहे. सात किंवा कमी स्टेशन राहिली तर तेवढीच पुन्हा द्यावी लागतात आणि फी निम्मी, म्हणजे ३९७ पौंड पडते. दोन प्रयत्नांत किमान १० दिवसांचं अंतर लागतं. तिसऱ्यांदाही अपयश आलं तर सहा महिने थांबावं लागतं.

एजंटला पैसे द्यावे का?

ब्रिटनच्या भरती आचारसंहितेनुसार एजन्सीने नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं चुकीचं आहे. अनेक रुग्णालयं परीक्षेची फी स्वतः भरतात. मात्र लवकर नोकरी सोडल्यास ती परत मागण्याची अट करारात असू शकते. त्यामुळे सही करण्याआधी कोणता खर्च, किती काळापर्यंत आणि किती परत द्यावा लागेल, हे लेखी विचारून घ्यावं.