पाण्याखालची शाळा

वेल्समध्ये फिरताना बाला गावापुढे केलिन जलाशयाकाठी मी मोटरसायकल थांबवली. खिशातल्या घडीच्या चाकूने केरफिली चीज आणि 'बारा ब्रिथ' हा मनुकांचा पाव कापला. समोर संथ पाणी. तिथे पूर्वी कापेल केलिन हे वेल्शभाषक गाव होतं; घरं, प्रार्थनामंदिर, टपाल कार्यालय, शाळा. लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून १९५७मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला. वेल्श खासदारांचा विरोध निष्फळ ठरला. १९६५पर्यंत गाव बुडालं. लिव्हरपूलने माफी मागितली, ती थेट २००५मध्ये.

बाईंनी शिकवलेला १९२१चा मुळशी सत्याग्रह मी पाच गुणांपुरता पाठ केला होता. तो कळला तिथे, त्या काठावर. कापेल केलिनच्या मुलांना परत जायला शाळाच उरली नाही. आपली आहे.