अल्बेरुनीचा ग्रंथ आणि धर्माभ्यासाची साधने

वाचकहो, अल्बेरुनीचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकलेले असेल. गझनीच्या महमुदाच्या काळातील एक विद्वान, त्याने भारताविषयी ग्रंथ लिहिला, एवढे ध्यानात ठेवले की परीक्षेपुरते काम भागते. परंतु हा ग्रंथ त्याने कोणत्या साधनांवरून लिहिला, ती साधने त्याला कशी मिळाली आणि त्याचा ग्रंथ आपल्यापर्यंत कसा येऊन पोहोचला, ही हकीकत पाठ्यपुस्तकात मावत नाही. ती येथे थोडी विस्ताराने सांगावयाची आहे.

त्याला कारण आहे. आपल्या धर्माविषयी कोणी ऐकीव गोष्ट पसरविली की आपल्याला वाईट वाटते. पण दुसऱ्याच्या धर्माविषयी तशीच एखादी गोष्ट आपल्या मोबाइलवर येऊन पडते, तेव्हा ती तपासण्यासाठी आपण कोणते पुस्तक उघडतो? वर्गातील मुले असे मजकूर घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, “सर, हे खरे आहे का?” या प्रश्नाला केवळ “हो” किंवा “नाही” असे उत्तर देऊन चालत नाही. ते कोठे लिहिले आहे, कोणी लिहिले आहे, कधी लिहिले आहे, हे मुलाला स्वतः शोधता आले पाहिजे. मक्तबात आपण दीनी तालीम घेतो. तेथे श्रद्धा आणि आचरण शिकतो. धर्मांचा शास्त्रीय अभ्यास ही वेगळी गोष्ट आहे. त्यात कोणत्या लोकांनी काय मानले आणि त्याला आधार काय, एवढेच पाहावयाचे असते. एकामुळे दुसऱ्याला बाध येतो, असे मला वाटत नाही, आणि याचा एक जुना दाखला अल्बेरुनीच आहे.

अबू रैहान अल्बेरुनी इ. स. ९७३ मध्ये ख्वारिज्म येथे जन्मला. १०१७ साली महमुदाने ख्वारिज्म जिंकले आणि तेथील विद्वानांबरोबर त्यालाही गझनीला आणले. म्हणजे तो काही राजीखुशीने आलेला पाहुणा नव्हता. गणित, ज्योतिष आणि भूगोल हे त्याचे मुख्य विषय. वयाची चाळिशी उलटल्यावर तो संस्कृत शिकू लागला आणि १०३० च्या सुमारास ‘किताब-उल-हिंद’ या नावाने आपण ओळखतो तो ८० प्रकरणांचा ग्रंथ त्याने पुरा केला.

ग्रंथ लिहिण्यास निमित्त काय झाले, हे त्याने प्रस्तावनेत सांगितले आहे. अबू सहल नावाच्या एका उस्तादांकडे तो गेला असता, मुअतझिला या मुसलमानांतीलच एका पंथाचे मत एका लेखकाने कसे विपरीत करून मांडले आहे, यावर उस्ताद नाराजी व्यक्त करीत होते. त्यावरून बोलणे निघाले की घरातल्या पंथाविषयी ही स्थिती, तर परक्या धर्मांविषयी लिहिलेल्या पुस्तकांची काय कथा! हिंदूंविषयी अरबी भाषेत जे काही लिहिले गेले होते, ते बहुतेक एकाने दुसऱ्यावरून उतरवून घेतलेले होते. ईरानशहरी नावाच्या एका जुन्या लेखकाची तो स्तुती करतो. यहुदी आणि ख्रिस्ती यांच्याविषयी त्याने नीट लिहिले, परंतु हिंदूंचा विषय येताच दुसऱ्याच्या पुस्तकावर भिस्त ठेवल्यामुळे त्याचाही नेम चुकला, असे अल्बेरुनी म्हणतो. आजच्या ‘फॉरवर्ड’ मजकुराचे हे हजार वर्षांपूर्वीचे रूप समजावे.

यावर त्याने काय केले, तर मूळ पुस्तके जमविली. त्यासाठी आपण पैशाकडे आणि श्रमाकडे पाहिले नाही, दूरदूरचे जाणकार बोलावून घेतले, असे तो लिहितो. अडचणीही सांगतो. संस्कृतात एका वस्तूला अनेक शब्द. त्यात नक्कल करणारे निष्काळजी, एकदोन नकलांतच ग्रंथ ओळखू येईनासा होतो. शिवाय शास्त्राचे ग्रंथ पाठांतराच्या सोयीसाठी पद्यात रचलेले, त्यामुळे अर्थाची ओढाताण होते. तरीही भगवद्गीता, पतंजली, सांख्य, विष्णुपुराण, वायुपुराण, ब्रह्मगुप्त, वराहमिहिर यांचे आधार तो नाव घेऊन देतो. प्रतिपक्षाचे खंडन करण्यासाठी आपण हा ग्रंथ लिहीत नाही, हिंदू काय म्हणतात ते जसेच्या तसे मांडतो आणि तुलनेसाठी ग्रीकांची व सूफींची मते शेजारी ठेवतो, असे त्याने स्वच्छ सांगितले आहे.

एक गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. महमुदाच्या स्वाऱ्यांनी या देशाची भरभराट उद्ध्वस्त केली, लोक धुळीसारखे उधळले गेले आणि विद्या काश्मीर, बनारस अशा दूरच्या ठिकाणी निघून गेली, हे अल्बेरुनीनेच लिहून ठेवले आहे, आणि तेही त्याच घराण्याच्या राज्यात बसून. हिंदू पंडितांच्या अभिमानावरही तो कडक टीका करतो. ज्याला कोणा एका बाजूची वकिली हवी असेल त्याच्या हाती हा ग्रंथ फारसा लागणार नाही. मला तर त्याची खरी किंमत येथेच दिसते.

आता या ग्रंथाचा पुढचा प्रवास पाहा. कित्येक शतके तो मोजक्या हस्तलिखितांतच राहिला. एक जुने हस्तलिखित पॅरिसच्या शार्ल शेफर यांच्या संग्रहात होते. त्यावरून बर्लिनचे प्राध्यापक एडवर्ड झाखाउ यांनी १८८७ मध्ये अरबी मूळ आणि १८८८ मध्ये दोन खंडांत इंग्रजी भाषांतर लंडनला छापले. पुढे हैदराबादच्या दाइरतुल मआरिफ या संस्थेने १९५८ साली अरबी संहिता पुन्हा प्रसिद्ध केली. उर्दू अनुवाद अंजुमन तरक्की-ए-उर्दूने काढला.

पतंजलीची गोष्ट याहूनही नवलाची आहे. योगसूत्रांचा आपण अरबीत अनुवाद केला आहे, असे अल्बेरुनीने लिहिले होते, पण तो अनुवाद कोणी पाहिलेला नव्हता. १९२२ साली फ्रेंच विद्वान लुई मासिन्यों यांना तो इस्तंबूलच्या कोप्रुलू ग्रंथालयात सापडला. सापडला तोही कसा? स्वतंत्र पुस्तक म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच एका हस्तलिखिताच्या समासात लिहिलेला! हेल्मुट रिटर यांनी १९५६ मध्ये तो संपादित करून छापला. सांख्यावरील त्याचा अनुवाद मात्र अजून हाती आलेला नाही.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, समजा हे पुस्तक तुम्हाला पाहावयाचे आहे. तुम्ही तालुक्याच्या ग्रंथालयात जाता आणि धर्माच्या कपाटापाशी उभे राहता. तेथे ते बहुधा मिळणार नाही. आपल्याकडील पुष्कळ ग्रंथालयांत पुस्तके ज्या दशांश पद्धतीने लावतात, ती अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली काढली. त्यात २०० हा धर्माचा वर्ग. पण मूळ योजनेत २२० पासून २८० पर्यंतची सगळी जागा ख्रिस्ती धर्माला दिली असून जगातील बाकीचे सर्व धर्म एकट्या २९० मध्ये दाटीवाटीने बसविले आहेत. हिंदू धर्म २९४.५ मध्ये आणि इस्लाम २९७ मध्ये येतो. अल्बेरुनीचे पुस्तक यांपैकी कोठेही न जाता बहुधा ९५४ मध्ये, म्हणजे भारताच्या इतिहासात जाते. म्हणून कपाट न्याहाळून परत फिरू नका. ग्रंथपालांकडे लेखकाच्या नावाने चौकशी करा, आणि तीही दोनतीन प्रकारे, कारण अल्बेरुनी, अल-बिरूनी, अल्बिरुनी अशी त्याची नावे निरनिराळ्या नोंदींत आढळतात. इंटरनेटवर शोधतानाही हीच खबरदारी घ्यावी लागते.

इंटरनेटचा विषय निघालाच आहे. झाखाउ यांचे दोन्ही खंड जुने असल्यामुळे आज इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर पानापानाची छायाचित्रे घेऊन ठेवलेले आहेत आणि फुकट वाचता येतात. खडगपूरच्या आय.आय.टी.ने चालविलेल्या राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात विद्यार्थ्याला नाव नोंदवून शोध घेता येतो. उर्दू वाचणाऱ्यांसाठी रेख्तावर जुन्या छापील पुस्तकांचा मोठा साठा आहे. वाईहून निघालेला मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर खुला आहे. कोणत्याही धर्माविषयी पहिली ओळख करून घ्यावयाची तर आठवी-नववीच्या मुलाने तेथून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. सूफींविषयी मराठीत वाचावयाचे असल्यास सेतुमाधवराव पगडी यांचे ‘सूफी संप्रदाय’ शोधावे. हल्ली प्रश्न टाकताच उत्तर लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. ती पुस्तकाचे नाव आणि पान आत्मविश्वासाने सांगतात. त्या पुस्तकात ते पान उघडून पाहिल्याखेरीज ते वहीत उतरवू नये.

पुस्तक मिळाल्यावर काम संपत नाही. ‘पूर्वेकडील पवित्र ग्रंथ’ या नावाची ५० खंडांची इंग्रजी माला मॅक्स म्युलर यांच्या संपादकत्वाखाली ऑक्सफर्डहून १८७९ पासून निघू लागली आणि १९१० साली पुरी झाली. तिचा आठवा खंड म्हणजे भगवद्गीतेचे भाषांतर. ते १८८२ मध्ये आपल्या मुंबईच्या काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी केले. सहावा आणि नववा खंड म्हणजे केंब्रिजचे प्राध्यापक पामर यांनी केलेले कुराणशरीफाचे भाषांतर, १८८० चे. म्हणजे या मालेत गीता आणि कुराणशरीफाचा उत्तरार्ध शेजारी शेजारी उभे आहेत. आता अल्बेरुनीने दिलेले गीतेचे उतारे घ्या आणि तेलंगांच्या खंडाशी ताडून पाहा. काही जुळतात, काही जुळत नाहीत. त्याच्या हातातील प्रत निराळी होती, की सांगणाऱ्या पंडिताने अर्थ मिसळून सांगितला, की अरबीत आणताना शब्द बदलले? कॉलेजात जाणाऱ्या विद्यार्थ्याला हा एक चांगला अभ्यास आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. पामर यांचे भाषांतर वाचताना ते मुसलमान नव्हते, हे ध्यानात ठेवावे आणि आपल्या उलेमांचा तरजुमा जवळ ठेवून वाचावे. जो नियम गीतेला तोच येथेही.

दारा शुकोहने १६५७ मध्ये ५० उपनिषदे फारसीत आणली आणि आंक्तील द्यूपेरों या फ्रेंच विद्वानाने त्या फारसीवरून १८०१-०२ मध्ये लॅटिन भाषांतर केले, हे पुष्कळांना माहीत असते, म्हणून त्यात अधिक शिरत नाही. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयाविषयी मात्र सांगितले पाहिजे. खुदाबख्श हे वकील. त्यांच्या वडिलांनी मरतेसमयी सुमारे १४०० हस्तलिखिते त्यांच्या स्वाधीन केली आणि ती वाढवून लोकांसाठी खुली करावीत, अशी इच्छा सांगितली. मुलाने आपली मिळकत त्यात घातली. १८९१ साली ग्रंथालय सर्वांना खुले झाले, तेव्हा हस्तलिखितांची संख्या सुमारे ४००० झाली होती. १९६९ साली संसदेने कायदा करून ते राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून घोषित केले. आपल्या समाजात मशीद बांधण्यास सढळ हाताने देणारे पुष्कळ आहेत, अल्लाह त्यांना बरकत देवो. परंतु ग्रंथालयासाठी वर्गणी मागावयास गेले की काय अनुभव येतो, हे कोणत्याही संस्थेच्या चिटणिसांना विचारावे.

जवळच्या ठिकाणांपैकी मुंबईची एशियाटिक सोसायटी १८०४ पासूनची आहे. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था १९१७ साली स्थापन झाली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम तेथे १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये संपले. अशा ठिकाणी जाताना आधी पत्र किंवा ई-मेल पाठवावा, कॉलेजच्या प्राचार्यांचे पत्र बरोबर न्यावे आणि कोणते पुस्तक पाहावयाचे ते कागदावर लिहून न्यावे. “धर्मावर काही दाखवा” असे म्हणणाऱ्याला ग्रंथपाल तरी काय दाखविणार?

पालकांसाठी एक शेवटची माहिती देतो. मुलगा किंवा मुलगी आठवीत गेली की आपल्या शाळांतून भाषेची निवड करावी लागते. उर्दू-अरबी घेतल्यास संस्कृत सुटते, संस्कृत घेतल्यास अरबी सुटते, आणि घरी मग वाद होतो. सोलापूरकडचे पंडित गुलाम दस्तगीर बिराजदार यांनी मुंबईत राहून आयुष्यभर संस्कृतची सेवा केली; ते २०२१ साली निवर्तले. पाच वेळची नमाज आणि संस्कृतचे अध्यापन यांत त्यांना कधी अडचण वाटली नाही.

अल्बेरुनीने पतंजलीचा अनुवाद केला, तेव्हा त्याच्यापुढे सूत्रांबरोबर एक टीकाही होती. दोन्ही त्याने एकत्र गुंफून प्रश्नोत्तरांच्या रूपात अरबीत मांडली. ती टीका नेमकी कोणती, यावर विद्वानांचे अद्याप एकमत नाही. पाइन्स आणि गेल्ब्लूम या दोघांनी १९६६ पासून १९८९ पर्यंत चार हप्त्यांत त्या अरबी अनुवादाचे इंग्रजी भाषांतर लंडनच्या एका नियतकालिकात छापले आणि उपलब्ध टीकांशी ते ताडून पाहिले. तरी प्रश्न सुटला नाही. अलीकडे काही अभ्यासक ती टीका म्हणजे व्यासभाष्यच असावे, असे म्हणू लागले आहेत. व्यासभाष्य, वाचस्पतीची टीका आणि भोजवृत्ती यांसह योगसूत्रे पुण्याच्या आनंदाश्रमाने १९०४ साली छापली, ती आवृत्ती इंटरनेटवर पाहावयास मिळते. रिटर यांची अरबी संहिताही छापलेली आहे. दोन्ही पुस्तके एका टेबलावर ठेवून ओळ न् ओळ वाचू शकेल, अशा माणसाचे हे काम आहे.