नादारीची शाळा आणि सर्वांची शाळा



अमेरिकेतील सार्वजनिक शिक्षणाची कथा बहुतेक ग्रंथकार होरेस मान यांच्यापासून सुरू करतात. १८३७ साली ते मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे चिटणीस झाले. वकिली आणि राजकारणातील मानाची जागा सोडून बारा वर्षे त्यांनी या एका कामाला वाहिली. त्यांची थोरवी मला मान्य आहे. परंतु मी कामगार चळवळीतला मनुष्य. एखादी गोष्ट कोणी दिली असे वाचले, की ती मागितली कोणी, हे शोधण्याची खोड मला जडली आहे. म्हणून आज आपणास मान यांच्या अगोदर दहा वर्षे, फिलाडेल्फिया शहरात नेतो.

पेन्सिल्व्हेनिया राज्यात तेव्हा गरिबांना फुकट शिक्षण नव्हते असे नाही. १८०९ चा कायदाच होता. पण त्याची रीत ऐका. कर आकारणारा अधिकारी घरोघर जाई आणि फी देण्याची ऐपत नसलेल्या आईबापांच्या मुलांची यादी करी. यादीत नाव असलेल्या मुलाची फी सरकार भरी. आपल्याकडील जुन्या पिढीला ‘नादारी’ हा शब्द आठवत असेल. वर्गात नादार मुलाचे नाव पुकारले, की त्याची मान आपोआप खाली जाई. तिकडेही तेच झाले. दारिद्र्याचा शिक्का मारून घेण्यापेक्षा मूल घरी ठेवलेले बरे, असे हजारो आईबापांनी ठरवले. स्वाभिमानी माणसाला दान देऊ करणे आणि काहीच न देणे यांत पुष्कळदा फार अंतर नसते.

१८२७ साली फिलाडेल्फियाच्या सुतारांनी दहा तासांच्या दिवसासाठी संप केला. त्यातून निरनिराळ्या धंद्यांच्या संघांची एकजूट झाली आणि १८२८ साली कामगारांचा स्वतंत्र राजकीय पक्ष निघाला. या पक्षाच्या मागण्यांत शाळेला मोठे स्थान होते, आणि ती शाळा धर्मादाय नव्हे, सर्वांची, सर्वांच्या करातून चाललेली. १८३० साली त्यांच्या समितीने राज्यातील शिक्षणाची पाहणी करून अहवाल मांडला. गोऱ्या मजुराच्या हाती मत आले होते. पण ज्याला वाचता येत नाही त्याने ते कशाच्या आधारे द्यायचे, हा त्यांचा सवाल होता. शहरातील एका प्रतिष्ठित पत्राने उत्तर दिले, की श्रीमंताच्या पैशाने गरिबाची मुले शिकवणे म्हणजे मालमत्तेची सक्तीची वाटणीच होय!

१८३४ साली मोफत शाळांचा कायदा झाला. कर द्यावा लागणार हे ध्यानात येताच तो रद्द करण्यासाठी अर्जांचा पाऊस पडला. वरिष्ठ सभागृहाने कायदा मोडीत काढण्याचे ठरवलेही. एप्रिल १८३५ मध्ये कनिष्ठ सभागृहात थॅडियस स्टीव्हन्स हे पायाने अधू, गरिबीत वाढलेले आमदार उभे राहिले. त्यांचा मुद्दा साधा होता : गुन्हेगारांना पोसण्याचा कर तुम्ही निमूट भरता, मग माणूस गुन्हेगार होऊ नये म्हणून लागणाऱ्या कराविरुद्ध ओरड का? कायदा वाचला. त्याच वर्षी जूनमध्ये शहरातील कामगारांनी सार्वत्रिक संप करून दहा तासांचा दिवसही मिळवला.

पण शाळा उघडल्याने मूल शाळेत येते असे थोडेच आहे? मॅसॅच्युसेट्सने १८५२ साली हजेरीची सक्ती केली, ती वर्षातून अवघी बारा आठवडे. १९०० च्या खानेसुमारीत दहा ते पंधरा वर्षांची सुमारे साडेसतरा लाख मुले कामावर असल्याचे नोंदले आहे. १९१८ साली मिसिसिपीने सक्तीचा कायदा केला, तेव्हा तो सर्व राज्यांत पोचला. आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने बालमजुरीला आळा घालणारा संघराज्याचा कायदा रद्द ठरवला. फिर्यादी कोण, तर नॉर्थ कॅरोलायनातील गिरणीत राबणाऱ्या दोन मुलांचा बाप! पाठीशी अर्थातच गिरणीमालक होते. ही दुरुस्ती व्हायला १९३८ साल उजाडले.

दक्षिणेतील काळ्या माणसाची कहाणी याहून कठोर आहे. गुलामाला वाचायला शिकवणे तिथे कित्येक राज्यांत गुन्हा होता. गुलामगिरी संपल्यावर १८६८ साली साउथ कॅरोलायनाची नवी घटना लिहिणाऱ्या सभेत काळ्या प्रतिनिधींचे बहुमत होते. त्यांनी घटनेतच सर्वांसाठी मोफत शाळा लिहिली. कालचे गुलाम सत्तेवर येताच शाळा मागतात, हे आमच्या जोतिरावांना नवल वाटण्याजोगे नव्हते. १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांनाच अर्पण केला. पण थोड्याच वर्षांत सत्ता पुन्हा गोऱ्या जमीनदारांकडे गेली, शाळा वेगळ्या झाल्या, आणि ते वेगळेपण बेकायदा ठरायला १९५४ साल लागले.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. शाळेचा मोठा भार स्थानिक घरपट्टीवर, तेव्हा जशी वस्ती तशी शाळा. टेक्सासमधील सॅन अँटोनिओ शहरात १९६७-६८ साली एजवूड या गरीब भागात दर मुलामागे ३५६ डॉलर खर्च होत. जवळच्याच श्रीमंत अलामो हाइट्समध्ये ५९४. एजवूडच्या पालकांनी फिर्याद केली. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की संघराज्याच्या घटनेत शिक्षण हा मूलभूत हक्क नाही. लोक मग राज्याच्या न्यायालयात गेले, आणि १९८९ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तीच पद्धत राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवली.